नवरे मंडळींनी बाहेर बसावं

"आ करा बघू."

मॅडमना भेटलेल्या प्रत्येक माणसानं हे वाक्य ऐकलेलं आहे. नमस्कार-चमत्कार व्हायच्या आत त्यांची मान वाकडी व्हायची, नजर समोरच्याच्या ओठांवर जायची आणि पर्समधला बारका टॉर्च हातात यायचा. समोर रिक्षावाला असो, प्राचार्य असो, नाहीतर लग्नात भेटलेला कुणाचा तरी व्याही. मूळच्या त्या दातांच्या डॉक्टर, पुढं तोंडाच्या कॅन्सरच्या संशोधनाकडं वळल्या. चेहऱ्यात तोंड सोडून या बाईला बाकी काही दिसत नाही, असं आम्ही विभागात म्हणायचो.

मी आधी त्यांचा विद्यार्थी आणि मग त्यांच्याच विभागातला सहकारी. त्यामुळं त्यांच्याबरोबर गुलमंडीच्या बाजारात जायची वेळ माझ्यावर बऱ्याचदा यायची. तिथला एक कापडवाला गालात कायम गुटखा धरून असायचा. मॅडम लांबून दिसल्या की हा तोंडावर हात ठेवायचा.

"मॅडम, आज नक्को. धंदे का टाइम है."

"तू धंदा कर की. मला फक्त तोंड दे."

तो बिचारा उघडायचा. जेमतेम उघडायचं. "गाल आखडायला लागलेत तुझे. पुढच्या वर्षी पाणीपुरी खाता येणार नाही," असं सांगून त्या निघायच्या, आणि घ्यायचं कापड तिथंच राहायचं. ते परत आणायला मला जावं लागे.

बसलेल्या मॅडम मी फार थोड्या वेळा पाहिल्या. त्यांच्या खोलीतल्या खुर्चीवर कागदांचा ढीग असायचा आणि त्या चहासुद्धा येरझाऱ्या घालत प्यायच्या. वाचायचं असलं तर खिडकीशी उभं राहून वाचणार. व्हरांड्यातून चपलांचा आवाज आला की विद्यार्थी हातातला मोबाइल खाली ठेवत. पायाला भिंगरी म्हणतात ती अशी. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. त्यांच्या शेजारी उभं राहिलं तरी आपल्याला विनाकारण घाई होते. मला तर त्यांच्याबरोबर असताना कायम वाटायचं, की कुठंतरी गॅस चालू राहिलाय.

त्यांचे यजमान मात्र उलट. बँकेतून निवृत्त झालेले, शांत, हळू बोलणारे. पडेगावच्या त्यांच्या घरी गेलं की ते एकटेच अंगणात बसलेले दिसायचे. "आहे ती आत. चालतेय," असं सांगून परत पेपरात डोकं घालायचे.

आता त्यांच्या छापील कारकिर्दीबद्दल. संशोधकाची किंमत हल्ली त्याच्या निबंधांवर, म्हणजे आम्ही ज्यांना पेपर म्हणतो त्यांवर, आणि त्या पेपरांचा दाखला जगात किती जण देतात यावर ठरते. हे सगळं संगणक मोजतो. मॅडमची गंमत अशी झाली होती, की काही पेपर लग्नाआधीच्या आडनावानं होते, काही नंतरच्या. त्यात शहराचं नाव बदललं, तेव्हा पत्ताही बदलला. संगणकाच्या लेखी त्या तीन वेगवेगळ्या बायका होत्या. मी म्हटलं, "मॅडम, हे दुरुस्त करून घ्या." तर म्हणाल्या, "राहू दे. तिघींत मिळून एक तरी बरी निघेल."

पण त्या तिघींपैकी मधली खरोखरच गाजलेली होती, आणि ती एकाच पेपरमुळं.

तो पेपर काय होता हे सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. आमच्या भागात बायका मिसरी लावतात. भाजलेल्या तंबाखूची काळी भुकटी, सकाळी दातांना चोळायची. दात घासणं हे निमित्त, सवय तंबाखूची. तोंडाच्या कॅन्सरचं ते मोठं कारण. मॅडमच्या अभ्यासात दोन प्रकारच्या बायका होत्या. मेंढरांमागं फिरणाऱ्या, मजुरी करणाऱ्या घरांतल्या बायका, त्या सरळ सांगत, "लावते की मिसरी. सकाळी लावल्याबिगर सुधरतच नाय." आणि दुसऱ्या, जमीनजुमला असलेल्या घरांतल्या. त्यांना कसलंच व्यसन नव्हतं, तरीही तोंडाचा कॅन्सर होता. या दुसऱ्या बायकांच्या गाठींचे तुकडे तपासून मॅडमनी एक निष्कर्ष काढला, की या घराण्यांच्या रक्तातच काहीतरी आहे. तंबाखूशिवायही हा रोग त्यांना धरतो. जगात हे नवीन होतं. कुठल्याकुठल्या देशांतले लोक त्याचा दाखला देऊ लागले. मॅडमना परिषदांची बोलावणी आली, विभागाला नवी यंत्रं आली. आणि मला विषय मिळाला. माझी पीएचडी म्हणजे त्या पेपरला काढलेला वरचा मजला.

मग दौलताबादचं शिबिर आलं.

किल्ल्याच्या पायथ्याशी, सीताफळं विकायला बसतात त्या रस्त्यापासून थोडं आत, एका शाळेत आम्ही तोंडाची तपासणी ठेवली होती. नेहमीसारखीच रांग. मजुरांच्या बायका एकट्या किंवा एकमेकींबरोबर आलेल्या. बरी परिस्थिती असलेल्या घरांतल्या बायका नवऱ्याबरोबर नाहीतर सासऱ्याबरोबर. दुपारी गावात कुणीतरी वारलं. निरोप आला तसे पुरुष उठून मातीला गेले. वर्गात फक्त बायका राहिल्या.

त्यात एक चांगल्या घरची, पन्नाशीची बाई होती. सकाळीच तिच्या नवऱ्यानं सांगितलं होतं, "आमच्यात बाईमाणसाला व्यसन नसतं, मॅडम. लिहून घ्या." आम्ही लिहून घेतलं होतं. आता ती मॅडमजवळ येऊन बसली.

"मॅडम, सकाळी त्यांनी सांगितलं ते नाय बरं का तसं. लावते मी."

"मिसरी?"

"व्हय. लग्नाच्या आधीपासून. समद्याच लावतो. ह्या लावतेत, त्या लावतेत." तिनं ओळीनं बसलेल्या बायकांकडं हात केला आणि त्या पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. "मोरीत लावायची, तोंड धुऊन बाहेर यायचं. मालकांसमोर कसं सांगावं?"

"मग सकाळी बोलला का नाहीत?"

"मला कुठं इचारलं? तुमी त्यांना इचारलं."

मॅडम त्या दिवशी बसल्या. शाळेच्या बाकावर, पोरांच्या, गुडघे वर काढून. मला वाटलं, ऊन लागलं. पाणी दिलं तर ग्लास हातात धरून राहिल्या. परतताना, पडेगावला गाडीतून उतरता उतरता म्हणाल्या, "धनगराच्या बाईचा नवरा मेंढरांमागं असतो. म्हणून ती एकटी येते आणि स्वतः बोलते. ह्यांचे नवरे सोबत येतात. आपण दोन प्रकारचे कॅन्सर शोधले नाहीत रे. कोणाचा नवरा शेजारी उभा होता, ते शोधलं."

मला ते तेव्हाच कळलं, पण कळून घ्यायचं नव्हतं. मी म्हटलं, "एका बाईच्या बोलण्यावर एवढं काय?"

"तुमच्या घरी लावतात?" त्यांनी विचारलं. आमचं घर फुलंब्रीकडचं, बऱ्यापैकी जमीन असलेलं.

"आमच्याकडं नाही, मॅडम."

"आईंना विचारलंस?"

पुढच्या सुट्टीत गावी गेलो, आई भाकरी करत होती, तिथंच चुलीजवळ बसून विचारलं. आईनं भाकरी उलटवली, दाराकडं बघितलं आणि म्हणाली, "तुझ्या बापाला सांगू नको." मग जरा वेळानं, "अन् तुला कोणी सांगितलं इचारायला?" चाळीशीला आलेला मी, तोंडाच्या कॅन्सरवर डॉक्टरेट घेतलेला, आणि माझ्या आईच्या तोंडात काय असतं ते मला माहीत नव्हतं. पुढं मॅडम स्वतः गावी आल्या, आईला ओसरीवर उजेडात बसवून आ करायला लावलं. गालाच्या आत पांढरा चट्टा होता. "आत्ता सोडली तर जाईल," म्हणाल्या. आईनं बरीच हुज्जत घातली, दात ठणकतात त्याचं काय, पोट साफ होत नाही त्याचं काय. पण सोडली. चट्टा गेला.

आईच्या बाबतीत मी मॅडमचे पाय धरायला तयार होतो. पेपरच्या बाबतीत मात्र मी त्यांच्याशी भांडलो, हे सांगायला मला आजही लाज वाटत नाही. कारण त्या म्हणाल्या, "पेपर मागे घ्यायचा."

मागे घेणं म्हणजे नुसती चूक कबूल करणं नव्हे. त्या पेपरच्या प्रत्येक पानावर कायमचा शिक्का बसतो, की हे धरू नये. नावाला बट्टा लागतो, कारण लोक मागे घेतला म्हटलं की लबाडीच केली असेल असंच धरून चालतात. विभागाचा दर्जा ठरवणारी सरकारी तपासणी तोंडावर आलेली. विभागप्रमुख सर चांगला माणूस, त्यांनी मॅडमना समजावलं, "झाकली मूठ सव्वा लाखाची, मॅडम. तपासणी होऊन जाऊ द्या. पुढं एक नवा पेपर लिहा, त्यात हळूच दुरुस्ती घाला." मीही तेच म्हणत होतो, फक्त आवाज चढवून. त्यांचा पेपर गेला की माझेही जाणार होते. माझी बढती त्यावर अडकलेली. घरी दोन मुलं.

मी त्यांच्या खोलीत जाऊन म्हटलं, "तुमचं काय, तुम्ही दोन वर्षांत निवृत्त होणार. आपल्या पायावर धोंडा तुम्ही मारताय, पण पाय माझा आहे."

त्या खिडकीशी उभ्या होत्या. "खरंय तुझं," म्हणाल्या.

"मग?"

"त्या बायकांना मी काय सांगत होते, आठवतं? तुमच्या रक्तातच आहे, त्याला इलाज नाही. मिसरी सोडा असं मी त्यांना सांगितलंच नाही. कशाला सांगेन? त्यांना व्यसनच नव्हतं ना. त्या घरी गेल्या आणि लावत राहिल्या. आता दुसरे डॉक्टर माझा पेपर वाचून त्यांच्याकडं येणाऱ्या बायकांना तेच सांगतात. मी तपासणी होईपर्यंत कशी थांबू?"

मी दार आपटून निघून गेलो. पण जे बोलल्या ते डोक्यातून जाईना. मला झोप लागायची नाही, जेवताना लक्ष लागायचं नाही. बायको म्हणायची, तुम्हीही आता मॅडमसारखे चालायला लागलात घरात.

मागे घेण्याआधी त्यांना खात्री करायची होती. म्हणून जुन्या अभ्यासातल्या बायकांच्या गावोगावी आम्ही हिंडलो. हो, मीही गेलो, चिडलेलाच, गाडी चालवायला. बऱ्याच घरांत त्या बायकांचे फोटो भिंतीवर गेले होते. एका घरी म्हातारे मालक ताठ बसून म्हणाले, "देवमाणूस होती. कशाला हात लावला नाय तिनं कधी." मॅडमनी मान डोलावली, चहा घेतला. निघताना त्यांची सून आम्हाला गाडीपर्यंत सोडायला आली आणि काचेतून वाकून म्हणाली, "लावत व्हत्या, मॅडम. दवाखान्यात सुद्धा माझ्याकडून मागून घेतली त्यांनी." मॅडमनी तिचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. मग म्हणाल्या, "आणि तू? आ कर बघू."

त्या गाडीत मी भांडायचं सोडून दिलं.

पेपर मागे घेतला गेला. माझेही दोन गेले. बढती लांबली ती लांबलीच. मॅडमना ज्या पुरस्काराची कुणकुण होती, तो आला नाही. शहरात बोलायचं ते लोक बोलले. चहाच्या टपरीवर एकानं मला विचारलं, "मॅडमनी आकडे बनवले होते म्हणे?" मी त्याच्याशी इतका भांडलो की टपरीवाला मध्ये पडला, "जाने दो साब, चाय ठंडी हो री."

पण तुम्हाला वाटेल, मागे घेतला म्हणजे संपलं. तसं नसतं. गाजलेल्या पेपरला स्वतःचे पाय फुटतात. कुणी मूळ पेपर वाचत नाही. याचं पाहून तो लिहितो, त्याचं पाहून तिसरा. शिक्का बसल्यावरही दाखले येतच राहिले. आणि मग मॅडमनी सुरू केलं ते जगात दुसऱ्या कुणी केलं असेल असं मला वाटत नाही. आमच्या धंद्यात लोक आपला पेपर वापरा म्हणून एकमेकांच्या दाढ्या धरतात. ही बाई माझा पेपर वापरू नका म्हणून सगळ्यांना मेल लिहायची. नवा दाखला दिसला की मेल गेलाच. बहुतेक जण उत्तर देत नसत. काही आभार मानत. एकानं उलट विचारलं, "तुमच्या या मेलचा दाखला देऊ का?" त्या दिवशी मॅडम पोट धरून हसल्या.

हसणं तेवढ्यापुरतंच. बाकी त्यांची तगमग वाढतच गेली. जेवता जेवता उठायच्या, "त्या माणसाला लिहायचं राहिलं." मी म्हणायचो, पालथ्या घड्यावर पाणी आहे मॅडम हे. त्या म्हणायच्या, "घडा माझा आहे ना, मीच पालथा घातलाय."

आणि नवा अभ्यास सुरू झाला. पहिल्यापासून. त्यातला नियम एकच: नवरे मंडळींनी बाहेर बसावं. शिबिरात लांबच्या लिंबाखाली सतरंजी घालायची, चहा ठेवायचा, आजचा पेपर ठेवायचा. पुरुषांना सांगायचं, तुमची सोय तिकडं केलीय. सोय म्हटल्यावर ते खुशीत जायचे, सोयाबीनचे भाव आणि आमदाराचं काय चाललंय ते बोलत बसायचे. कुणी हटून उभा राहिला, "काय इचारायचं ते मला इचारा की," तर मॅडम म्हणायच्या, "तुम्हालाही विचारणार. आ करा." तो टॉर्च बघून लिंबाखाली जायचा. आत बायका बोलायच्या, आणि विचारायला बायकाच असायच्या. मलाही बाहेर बसावं लागे. मी तिथं किती कप चहा प्यायलो असेन, देव जाणे.

तो नवा पेपर एका साध्या नियतकालिकात आला. खरा होता, पण त्यात नवं काही नव्हतं. तंबाखूनं कॅन्सर होतो, श्रीमंतालाही होतो आणि गरिबालाही. हे जगाला ठाऊक असलेलंच पुन्हा सांगितलेलं. त्याचा दाखला फारसा कुणी दिला नाही. मला त्याचा राग यायचा. मॅडमना येत नव्हता. "गावात तरी पोचलंय," म्हणायच्या आणि चालू लागायच्या.

निवृत्तीनंतर वर्ष उलटायच्या आत त्या गेल्या. हृदय बंद पडलं. सकाळी अंगणात चहा घेत फेऱ्या मारत होत्या. यजमान पेपर वाचत होते. चपलांचा आवाज थांबला म्हणून त्यांनी वर बघितलं.

विभागात शोकसभा झाली. सभागृह भरलेलं. नवे विद्यार्थी, ज्यांनी मॅडमना पाहिलंही नव्हतं, ते मागं भिंतीला लागून उभे होते. विभागप्रमुख सर बोलायला उभे राहिले, मनापासून बोलत होते. कारकीर्द सांगता सांगता म्हणाले, "आणि तो जगभर गाजलेला पेपर. तंबाखूशिवायही हा रोग होतो हे दाखवून देणारा. जगात आजही त्याचा दाखला देतात. आपल्या विभागाचं नाव त्या एका पेपरनं..."

मी उभा राहिलो. ठरवून नव्हे.

"सर, तो पेपर मॅडमनी मागे घेतला होता."

"हो हो, माहितीये ना. पण आज राहू द्या ते."

"आज तर राहू द्यायलाच नको, सर. ही पोरं घरी जाऊन तोच शोधून वाचतील."

मागून कुणीतरी माझा शर्ट ओढला. बसा, बसा, अशी कुजबुज झाली. ज्यानं तो पेपर वाचवायला सगळ्यात जास्त आरडाओरडा केला होता, तोच मी शोकसभेत त्याच्यावर शिक्का मारायला उभा होतो, आणि मॅडम गेल्यापासून न आलेलं रडू मला तिथं, सगळ्यांसमोर आलं.

सर गडबडले. त्यांना कसंतरी सावरून घ्यायचं होतं. पहिल्या रांगेत यजमान बसले होते, त्यांच्याकडं वळून सर म्हणाले, "साहेब, तुम्हीच सांगा. मॅडमना आज काय आवडलं असतं?"

यजमान उठले. त्यांनी आधी माझ्याकडं बघितलं, मग सरांकडं. नेहमीसारखेच हळू बोलले.

"तिच्या वतीनं मी कसं सांगू? तिनं लिहिलेलं आहे. ते वाचा की."

पेपर मागे घेताना मॅडमनी छापायला दिलेली सूचना मोबाइलवर शोधायला मला वेळ लागला. कुणी घाई केली नाही. ती इंग्रजीत होती. मी वाचत वाचत मराठीत सांगितली. फार मोठी नाही ती. पेपरचं नाव, मॅडमचं नाव, आणि खाली:

'या स्त्रियांना कोणतंही व्यसन नव्हतं, असं आम्ही लिहिलं. आम्ही त्यांना विचारलं नव्हतं.'